पायरीवर उरलेला नॉइज

मायक्रोवेव्ह सुरू केली, बायस, म्हणजे सँपलच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज, शून्य ठेवला. सरासरी प्रवाह शून्यच राहिला आणि नॉइज, म्हणजे प्रवाहातले बारीक चढउतार, मात्र चढला. गुरुवारी दुपारी हे स्क्रीनवर दिसलं. त्याच दिवशी आणखी एक गोष्ट दिसली, ती अजून डोक्यातून जात नाही.

आमचं सँपल म्हणजे गॅलियम आर्सेनाइडमधली दोन गेटांमधली चिंचोळी वाट, क्वांटम पॉइंट कॉन्टॅक्ट. गेटचं व्होल्टेज उणे करत नेलं की तिची वाहकता पायऱ्यापायऱ्यांनी उतरते. हे १९८८ साली नेदरलँड्स आणि इंग्लंडमधल्या गटांनी दाखवलं. शेवटच्या पायरीवर रोध १२.९ किलोओम. तिथे आलेला प्रत्येक इलेक्ट्रॉन पार जातो, म्हणून जर्मन भौतिकशास्त्रज्ञ शॉटकींनी १९१८ साली मांडलेला शॉट नॉइज (इलेक्ट्रॉन सुटेसुटे येत असल्याने होणारा) तिथे नाहीसा होतो. दोन पायऱ्यांच्या मध्ये, जिथे निम्मे पार जातात आणि निम्मे परततात, तिथे तो भरपूर. मायक्रोवेव्हच्या फोटॉनमुळे इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन गेल्यावर उरलेली रिकामी जागा) यांच्या जोड्या तयार होतात. त्यांचीही अशीच वाटणी होते. फ्रान्समधल्या साक्लेच्या गटाने २००३ साली बायसशिवायच ती मोजून दाखवली.

हे मोजणं किती नाजूक आहे ते बाहेर कळत नाही. एक नॅनोअँपिअर प्रवाहाचा पूर्ण शॉट नॉइज ३.२ × १०⁻²⁸ अँपिअर वर्ग प्रति हर्ट्झ, आणि अँप्लिफायरचा स्वतःचा नॉइज त्याहून कितीतरी मोठा. म्हणून एकच सिग्नल दोन स्वतंत्र अँप्लिफायरांतून नेऊन त्यांचं क्रॉस-कोरिलेशन घ्यायचं: जे दोघांत सामाईक तेवढंच सँपलचं. सँपल थंड ठेवणाऱ्या पल्स ट्यूबच्या प्रत्येक ठोक्याला केबल हलते आणि हलणारी केबल स्वतःच चार्ज निर्माण करते. ती केबल बांधण्यात आमचे महिने गेलेत, आणि ते काम कुठल्याच पेपरमध्ये दोन ओळींपेक्षा जास्त येत नाही. चांगल्या कनेक्टरसाठी तीन कोटेशन मागवून सर्वांत स्वस्त घ्यायला लावणारी पद्धत तर या कामाची शत्रूच आहे.

गुरुवारी १२ गिगाहर्ट्झवर, निम्म्या पारगमनाला (निम्मे इलेक्ट्रॉन पार जातात तिथे), बायस वाढवत नेला तेव्हा ५० मायक्रोव्होल्टपाशी नॉइजचा आलेख वाकला. एका फोटॉनची ऊर्जा नेमकी तेवढीच. वारंवारता १८ केली, तर वाक ७४ वर सरकला. तापलेले इलेक्ट्रॉन असा वाक दाखवत नाहीत. आमचा विद्यार्थी खुर्चीतून उठून उभा राहिला.

मग मी गेट पायरीवर आणलं. नॉइज उतरून इलेक्ट्रॉनच्या मूळ तापमानाइतका, म्हणजे ४० मिलिकेल्विनइतका, व्हायला हवा होता. तो वर राहिला. मायक्रोवेव्हने इलेक्ट्रॉन तापले असतील किंवा पायरी दिसते तेवढी पूर्ण नसेल आणि थोडे इलेक्ट्रॉन परतत असतील. सरांचं म्हणणं, निम्म्या पारगमनाच्या नॉइजमधून "तेवढा वजा कर आणि पुढे जा." मला ते पटत नाही. औष्णिक नॉइज वाहकतेच्या प्रमाणात असतो, म्हणजे निम्म्या पारगमनाला तो निम्मा. शिवाय तापमान आणि फोटॉन यांचे परिणाम नुसते बेरजेत येत नाहीत. वजाबाकीने आलेख छान दिसेल, पण आकडा खोटा असेल. पुष्कळ गट हेच करतात, हेही मला माहीत आहे.

दोन्हींत फरक करायचा तर पायरीवरच बायस सरकवून वाक शोधायचा. गळती, म्हणजे थोडे इलेक्ट्रॉन परतणं, असेल तर ५० मायक्रोव्होल्टपाशी बारीकसा वाक येईल, उष्णता असेल तर नाही. त्यासाठी रात्रभर सरासरी घ्यायला ठेवलं. पहाटेच्या आधी वीज गेली, जनरेटरने भार घ्यायच्या आत गेटचं व्होल्टेज एकदम शून्यावर आलं. परत लावल्यावर पायरी वेगळ्या व्होल्टेजवर सापडली, तिचा आकारही बदललेला. जुन्या पायरीचा जेवढा डेटा आहे, त्यात ५० पाशी किंचित गोलाई वाटते. ती एरर बारच्या, म्हणजे मोजमापातल्या अनिश्चिततेच्या, आत आहे. तेवढ्यावरून मी गळती म्हणणार नाही, आणि उष्णताही म्हणणार नाही.

गेटच्या सोर्सला स्वतंत्र बॅटरी लावली आहे. नव्या पायरीवर तेच मोजमाप पुन्हा सुरू केलंय. ते पूर्ण होईपर्यंत वजाबाकी केलेला आलेख ग्रुप मीटिंगमध्ये दाखवायचा नाही, असं सरांना कळवलं आहे.