कासच्या पठारावर फुले टिपताना

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून सुमारे २५ किलोमीटर गेले की कासचे पठार लागते. समुद्रसपाटीपासून साधारण १,२०० मीटर उंचीवरचा हा जांभ्या दगडाचा सडा २०१२ साली पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारसा यादीत गेला. इथे मातीचा थर इतका पातळ आहे की मोठी झाडे मूळ धरू शकत नाहीत, आणि त्यामुळेच पावसाळ्याच्या शेवटी उमलणारी बहुतेक फुले घोट्याच्या किंवा फार तर गुडघ्याच्या उंचीची असतात. छायाचित्रणाचा छंद नुकताच लागलेल्या माझ्यासारख्याला हे पठार पुष्कळ शिकवते, ते या ठेंगण्या फुलांमुळेच.

सप्टेंबरच्या मध्यात मी पोहोचलो तेव्हा पठारावर धुके उतरले होते. ढगाळ हवा पाहून पुष्कळजण हिरमुसतात. मला मात्र फुलांसाठी याहून चांगला प्रकाश ठाऊक नाही. कडक उन्हात पाकळीचा अर्धा भाग पांढराफटक आणि अर्धा काळा पडतो, तर धुक्यातून गाळून आलेल्या उजेडात तिच्यावरची शीर न् शीर दिसते.

‘सीतेची आसवे’ नावाच्या फुलांचा जांभळा पट्टा पायवाटेच्या कडेपर्यंत आला होता. उभ्याने पाहिले तर या फुलामागे चिखल आणि गवताच्या काड्या येतात, आणि कॅमेरा कितीही चांगला असला तरी त्या गर्दीतून फूल वेगळे उठून दिसत नाही. म्हणून वाटेवरच पालथे झोपून, पाठीवरची पिशवी कॅमेऱ्याखाली उशीसारखी ठेवून मी लेन्स फुलाच्या पातळीवर आणली. त्याबरोबर चिखल चौकटीबाहेर गेला आणि मागे उरला तो दूरवरच्या इतर आसवांचा पुसट जांभळा रंग. या प्रवासात मनाशी पक्के झाले ते हेच: आधी पार्श्वभूमी शोधावी आणि मग तिच्यापुढचे फूल निवडावे. सर्वांत टवटवीत फुलामागे वाळकी काडी असेल, तर ते सोडून शेजारचे साधे फूल घेतलेले बरे.

माझ्याजवळ कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ मिलीमीटरची साधी लेन्स होती. अशा लेन्स बहुधा २५ ते २८ सेंटीमीटरपर्यंत जवळ जाऊ देतात, पण हे अंतर लेन्सच्या तोंडापासून नव्हे, कॅमेऱ्याच्या आतल्या, चित्र टिपणाऱ्या सेन्सरपासून मोजायचे असते. म्हणजे प्रत्यक्षात फूल लेन्सच्या बरेच जवळ येऊ शकते. लेन्स ५५वर आणि ॲपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारे छिद्र, एफ/५.६वर ठेवले की मागचे सारे विरघळते. मात्र इतक्या जवळून स्पष्ट दिसणारी खोली अगदी थोडी उरते, म्हणून ऑटोफोकसच्या भरवशावर न राहता मी फोकस हाताने लावला आणि स्क्रीनवरचे चित्र मोठे करून, शरीर किंचित मागेपुढे झुकवत नेमकी कडा पकडली.

खरी परीक्षा वाऱ्याने पाहिली. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता, ८०० किंवा १,६००पर्यंत चढवून शटर सेकंदाच्या १/५००वर नेले, तरी झुळूक थांबण्याची वाट पाहावीच लागते. आयएसओ चढवल्याने चित्रात थोडे कण आले तरी चालतात. हललेली पाकळी मात्र नंतर कशानेही सुधारत नाही.

पुढे गेंद नावाच्या फुलांची पांढरी बोंडे होती. धुक्यातल्या पांढऱ्या फुलाला कॅमेरा हमखास राखाडी करून टाकतो, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा उजळपणा, एका पायरीने वाढवावे लागले. तेरड्याच्या गडद गुलाबीसाठी उलट थोडे कमी केले, नाहीतर रंगाचा नुसता सपाट डाग उरतो. दुपारी क्षणभर ऊन आले तेव्हा ओलसर जागेतल्या दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीसमोर मी उजेड पलीकडून येईल असा बसलो. तिच्या तांबड्या केसांच्या टोकांवरचे चिकट थेंब एकेक करून पेटल्यासारखे चमकत होते, आणि एका थेंबाला बारीकसा कीटक चिकटलेला होता.

वाट सोडून फुलांत शिरणे इथे कटाक्षाने टाळावे. एका पावलाखाली किती रोपे चिरडतात, हे जमिनीवर झोपल्यावरच कळते. जी फुले आत, दूर असतात त्यांच्यासाठी २००-२५० मिलीमीटरची लेन्स न्यावी. तिने पार्श्वभूमीही अधिक मऊ येते. आणि प्रत्येक फुलाच्या देखण्या चित्रासोबत त्याच्या पानाचे, देठाचे व मागच्या बाजूचे एक साधे चित्र जरूर घ्यावे, कारण नुसत्या पाकळ्यांवरून जाणकारालाही पुष्कळदा जात सांगता येत नाही.