टोकियोत सापडलेलं 'तर'

टोकियोला जाताना सगळ्यांनी लिस्टा दिल्या होत्या, फुजी बघ, असाकुसाचं देऊळ बघ, माझी लिस्ट मात्र एका ओळीची, डे सिक्स या कोरियन बँडची पहिली जपानी सीडी. 'इफ' नावाचं सिंगल, 14 मार्च 2018 ला आलेलं, म्हणजे बरोब्बर व्हाइट डेला, व्हॅलेंटाइननंतर महिन्याने तिकडची मुलं मुलींना परतभेट देतात त्या दिवशी. कोरियात 2015 पासून वाजवणारा बँड, तेव्हा पाच पोरं, 2017 मध्ये तर दर महिन्याला दोन नवी गाणी काढत होती, आणि जपानमध्ये परत पहिलीपासून सुरुवात.

शिबुयाचं टॉवर रेकॉर्ड्स म्हणजे नऊ मजले नुसतं संगीत, पाय तुटले पण नवीनच माल सगळा. मग यामानोते लाइनच्या ट्रेनने शिन-ओकुबो, म्हणजे टोकियोतली कोरियन वस्ती, तिथे पोस्टर, फेसमास्क, चीज ओढत खाणाऱ्या मुली आणि ही गर्दी, दादर परवडलं. सीडी नाहीच. शेवटी वैतागून शिंजुकूकडे चालत निघाले तर वाटेत जुन्या सीड्यांचं एक चिंचोळं दुकान, आणि खालच्या खणात ती! वरची कागदी पट्टी, तिला ओबी म्हणतात, किमोनोच्या कंबरपट्ट्यासारखी, तीसुद्धा शाबूत. 280 येन फक्त. मी काउंटरवर इतक्यांदा आरिगातो म्हटलं की काकाच ओशाळले.

गाण्याच्या पूर्ण नावात पुढे 'मता आएतारा' आहे. पुण्यात सहा महिने जपानीचा क्लास केलाय, पण यातली 'भेटणे'ची कांजी, म्हणजे चित्रासारखं अक्षर, आमच्या एन फाइव्हच्या, म्हणजे अगदी पहिल्या परीक्षेच्या पुस्तकातली साधी नव्हती, दुसरीच, जिवाभावाच्या भेटीसाठी वापरतात ती. अर्थ, पुन्हा भेटता आलं तर. आणि गंमत बघा, शेवटचा 'तारा' म्हणजे आपलं 'तर'च की! जागाही तीच, वाक्याच्या शेवटी. इंग्रजीत 'इफ' आधीच येऊन बसतो, इथे मात्र आख्खी भेट बोलून झाल्यावर हळूच 'तर'. क्लासमध्ये हे रूप घोकून घोकून कंटाळा आलेला, तिथे फुटपाथवर उभी राहून एकदम घशात काहीतरी अडकलं.

घरी आल्यावर लक्षात आलं की सीडी लावायला काही नाहीच. बाबांच्या जुन्या गाडीत लावली, पार्किंगमध्येच.

"कोरियन ना हे?"

"नाही बाबा, जपानी."

"आणि गाणारे?"

"कोरियन."

बाबांनी काच वर केली, शेजारचे जोशी बघत होते म्हणून, आणि म्हणाले, परत लाव.