पाठीवरचा डबा आज सुटला: २५ मीटर सलग

आज सकाळी टँक या टोकापासून त्या टोकापर्यंत पार केला. २५ मीटर फ्रीस्टाइल, मध्ये कठडा धरला नाही, दर दुसऱ्या हाताला उजवीकडून श्वास. मागच्या वेळी इथे लिहिलं तेव्हा धाप लागून अर्ध्यावरच अडकत होतो, आणि काय करू असं तुम्हाला विचारलं होतं. पोचल्यावर दोन मिनिटं भिंतीला नुसता टेकून राहिलो, इतका आनंद झाला होता.

तुम्ही सुचवलेलं सगळं करून झालं होतं. धाप लागते ती बहुतेक आत कोंडलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे, म्हणून पाण्यातच पूर्ण श्वास सोडायचा, हे पटलं होतं. कठडा धरून वीस-वीस वेळा बुडबुडे नीट जमायचे. पोहायला लागलो की मात्र चौथ्या श्वासाला तोंडात पाणी. मग डोकं उचलायचं, डोकं उचललं की पाय बुडायचे, की संपलं.

मुलीच्या बॅचच्या सरांनी काठावरून दोन फेऱ्या पाहिल्या. म्हणाले, "श्वासाचं सोडा, डावा हात बघा." उजवीकडे तोंड वळवलं की पुढे पसरलेला डावा हात मी त्याच क्षणी खाली दाबत होतो. ज्याच्या आधारावर वळायचं, तोच जागेवर नाही!

ही सवय विहिरीतली. गिरणाकाठच्या मळ्यात पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून मी शिकलो, धाकट्याला केळीचं खोड दिलं होतं. वरून आबा ओरडायचे, "मुंडकं वर ठेव, पानी खाले दाब!" तिथे ते बरोबरच होतं, चार हात मारले की कड लागायची. फ्रीस्टाइलमध्ये नेमकं तेच आडवं आलं. माझ्या आठ वर्षांच्या मुलीला मोडायला जुनं काही नव्हतं, तिला कुशीवरचा श्वास आठवड्यात आला.

उपाय एकच केला. कुशीवर सहा किक, खालचा हात पुढे लांब, कान दंडाला, गॉगलची एक काच पाण्यात आणि एक बाहेर. पहिले चार दिवस नुसतं पाणी प्यालो. पाचव्या दिवशी आखूड फिन्स (पायात घालायची रबरी वल्ही) घातल्या आणि हात पुढे थांबायला लागला. लांब पात्यांच्या घेऊ नका, किकचा ताल बिघडतो. आणि गॉगल आतून बोटाने पुसू नका, धुकं न धरणारा लेप निघून जातो. माझा पहिला तसाच वाया गेला.

रविवारी ५० मीटर करायचे ठरवले होते. पण हे लिहिताना वाटतंय, डावीकडून श्वास घेतला तर उजवा हातही असाच खाली जात असणार. तो कधी तपासलाच नाही. तेव्हा ५० राहू दे. उद्या पायांत पुल बॉय (पाय तरंगते ठेवणारा फोमचा ठोकळा) धरून चार फेऱ्या, फक्त डावीकडून. मुलगी काठावरून मोबाइलवर व्हिडिओ काढणार आहे. हात कुठे जातो ते दिसलं की इथे टाकतो, बघून सांगा.