कीटकभक्षी झाडांचा दिवा: वॅट सोडा, लक्स मोजा

ग्रो लाइटच्या, म्हणजे घरात झाडं वाढवायच्या दिव्याच्या, खोक्यावर ‘१००० वॅट’ छापलेलं असतं, पण दिवा प्रत्यक्षात शंभर वॅटही ओढत नाही. मोठा आकडा ‘समतुल्य’ वॅटचा असतो, त्याकडे बघूच नका. खरी वीज किती ओढतो तेवढं वाचा. त्यावरूनही फक्त बिलाचा अंदाज येतो. झाडाला काय मिळतं ते पानाच्या उंचीवरच कळतं.

तिथला प्रकाश पीपीएफडीमध्ये (झाडाच्या कामी येणारा किती प्रकाश दर सेकंदाला दर चौरस मीटरवर पडतो त्या मापात) मोजतात, पण त्याचा मीटर महाग. पांढऱ्या एलईडीसाठी मोबाइलच्या लक्स (डोळ्यांना जाणवणाऱ्या उजेडाचं एकक) मोजणाऱ्या ॲपवर काम भागतं: सेन्सर वर करून फोन पानाजवळ आडवा धरा आणि आकड्याला ७० ने भागा. १४,००० लक्स म्हणजे साधारण २०० पीपीएफडी. फोन-फोनमध्ये फरक पडतो, म्हणून आकडा अंदाजे धरा. दोन जागांची तुलना मात्र तो बरी करतो. डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. आपल्याला लख्ख वाटणारी खोली जेमतेम ५०० लक्सची असते.

मेक्सिकन पिंग्विक्युला (चिकट पानांचं झाड) आणि युट्रिक्युलेरिया (बारीक पिशव्यांनी भक्ष्य पकडणारं झाड) १०० ते १५० पीपीएफडीवर खूश. बहुतेक घटपर्णींना (नेपेंथीस) १५० ते २५०, ड्रॉसेराला (पानांवर चिकट थेंब असलेलं दवबिंदू झाड) २०० ते ३०० द्या. व्हीनस फ्लायट्रॅप (मिटणाऱ्या पानांच्या सापळ्याचं झाड) आणि सरासेनिया (उभ्या नळीसारख्या पानांचं झाड) खरे उन्हाचे भुकेले: ३०० च्या खाली ती जगतात, पण रंग धरत नाहीत. वेळ उष्णकटिबंधीय जातींना १२ ते १४ तास, फ्लायट्रॅपला वाढीच्या काळात १४ ते १६. टायमर लावाच. रात्रभर दिवा ठेवून कमी तीव्रता भरून काढायचा मोह होतो, पण त्यातून बहुधा कुंडीत शेवाळच माजतं.

दिव्याचा रंग ५००० ते ६५०० केल्विनचा (उजेडाच्या छटेचं माप) पांढरा घ्या. जांभळ्या दिव्यातही झाडं वाढतात. अडचण अशी की त्या उजेडात पान पिवळं पडलंय की लाल झालंय, हेच कळत नाही, आणि रोग ओळखायला रंगच तर बघायचा असतो.

चार फुटी टी५ (बारीक फ्लुरोसंट ट्यूब) किंवा एलईडी ट्यूब पानांपासून २० ते ३० सेंमीवर, जोरदार पॅनेल ३० ते ४५ सेंमीवर टांगा. पॅनेलच्या कडेला प्रकाश मध्यापेक्षा निम्माही भरत नाही. म्हणून प्रकाशाची भुकेली झाडं मधे, पिंग्विक्युला कडेला. बाजूंना पांढरा रंग दिला तर कडांची तूट बरीच भरून निघते. झाडं बंद काचेच्या टाकीत असतील तर दिव्याचा ड्रायव्हर (वीज पुरवणारा डबा) बाहेर ठेवा, नाहीतर आतली हवा तापते. वायरला सॉकेटच्या खाली एक झोळ द्या, म्हणजे ओघळणारं पाणी प्लगपर्यंत पोचत नाही.

प्रकाश कमी असेल तर ड्रॉसेराचे थेंब आटतात, पानं लांबट, फिकट होतात; फ्लायट्रॅपचे देठ रुंद आणि सापळे बारके येतात. घटपर्णीला घट धरले नाहीत तर लगेच दिव्याला दोष देऊ नका, आर्द्रताही बघा. जास्त प्रकाशात नवी पानं आखूड, गर्द लाल येतात. कोरडे पांढुरके डाग दिसले की दिवा वर घ्या.

हिवाळ्यात फ्लायट्रॅप आणि सरासेनियाला विश्रांती लागते. नुसते तास १० वर आणून भागत नाही; सुमारे तीन महिने २ ते १० अंशांची थंडीही हवी.

सावलीत वाढलेलं रोप नव्या दिव्याखाली ठेवताना दुप्पट अंतरावरून सुरुवात करा आणि दर आठवड्याला ५ सेंमी खाली आणा. जुनी पानं तरीही भाजू शकतात, ती कापायची घाई नको. पुढची पानं कशी येतात त्यावरून अंतर ठरवा.