तुम्ही विचारलंत म्हणून: गळतीला काय लावू?

जुनी ॲल्युमिनियमची मासेमारीची बोट मी नीट करून वापरतो हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो, "आमचीपण पडून आहे हो, गळते, काय लावू?" म्हणजे कुठली ट्यूब, कुठली पेस्ट, कुठला कलर. तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, आधी काहीच लावू नका, आधी काढा. कारपेट काढा, सीट काढा, प्लायवूडचा फ्लोअर काढा, त्याखालचा फोम काढा, पार पत्रा दिसेपर्यंत काढत जा. माझं तर स्पष्ट मत आहे की या बोटींचा पत्रा सहसा आपला आपण मरत नाही, त्याला जे जे चिकटवलेलं असतं ते त्याला मारतं.

कसं ते सांगतो. अशा बोटींना बहुतेक वेळा 5052 किंवा त्यासारख्या ग्रेडचा पत्रा असतो, त्यात मॅग्नेशियम असतं, खारं पाणीसुद्धा तो बऱ्यापैकी सोसतो. हवा लागली की त्यावर ऑक्साइडचा एकदम पातळ थर लगेच तयार होतो आणि तोच त्याला वाचवतो, ओरखडा गेला तरी परत येतो. पण परत यायला ऑक्सिजन पाहिजे ना! ओलं कारपेट नाहीतर ओलं लाकूड वर्षानुवर्षं पत्र्याला चिकटून बसलं की तिथे हवाच जात नाही, मग पांढरी पावडर धरते, आणि ती खरवडली की खाली टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे दिसतात. बाहेरून चकाचक दिसणाऱ्या बोटीतपण हे असतं, म्हणून तर काढा म्हणतोय.

आता गळती. बोट ट्रेलरवर ठेवायची, तळाला नीट आधार द्यायचा, ड्रेन प्लग, म्हणजे पाणी काढायच्या भोकाचं बूच, लावायचा आणि आत पाणी भरायचं. हो, आत. बाहेर कुठे थेंब येतो ते बघायचं आणि मार्करने गोल करायचा. पण पाणी बेताने भरा, चार मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद सपाट तळ असेल तर दहा सेंटीमीटर पाणी म्हणजे पाचशे किलो होतात, एवढं वजन ट्रेलरच्या दोन पट्ट्यांवर टाकलं तर पत्रे एकमेकांना जोडणारे आहे ते रिव्हेटपण (ठोकून बसवलेले खिळे) ढिले व्हायचे. आणि घाई करू नका, काही रिव्हेट लगेच धार सोडतात तर काही इतके सावकाश ओलावतात की थोडा वेळ थांबून बघितल्याशिवाय कळत नाही.

ढिला रिव्हेट बदलायलाच पाहिजे असं नाही, बरेचसे परत ठोकून घट्ट होतात. माणसं दोन लागतात. एकाने बाहेरून रिव्हेटच्या डोक्यावर जाड लोखंडी ठोकळा दाबून धरायचा, दुसऱ्याने आतून शेपटीवर हातोडी मारायची, मोजके ठोके, जोर दाखवायचा नाही. बसला की आवाज बदलतो, आधी खळखळ येतो आणि मग भरीव. झिजलाच असेल तर ड्रिल करून काढा आणि नवा भरीव ॲल्युमिनियम रिव्हेट घाला. साधा पॉप रिव्हेट पाण्याखाली नको, त्याच्या मधून भोक असतं, तिथूनच पाणी येतं, अगदीच आतून हात पोचत नसेल तर बंद तोंडाचा मिळतो तो वापरा, सिलंटमध्ये, म्हणजे फटी बुजवायच्या पेस्टमध्ये, बुडवून. हे सगळं झाल्यावर मग शिवणींवर आतून मरीन पॉलियुरेथेन सिलंट. सिलिकॉन मात्र अजिबात नको, पुढे सुटतं आणि सुटलं तरी मागे जो चिकट थर ठेवतं त्यावर नंतर ना प्रायमर धरत ना कलर.

दुसरी जागा ट्रान्सम, म्हणजे इंजिन टांगतो ती मागची भिंत. पत्र्याच्या आत प्लायवूड असतं आणि ते बोल्टच्या भोकांमधून पाणी पिऊन कुजतं. हातोडीच्या मुठीने ठोकत जा, टणक आवाज आला तर ठीक, धप् आला तर गेलं. इंजिन लावलेलं असेल तर खालचा पाय धरून हलवून बघा, भिंत लवली की समजा आत भुसा झालाय. नवीन घालताना मरीन प्लाय घ्या, कडा आणि भोकांसकट सगळीकडून इपॉक्सी मारा. कुजू नये म्हणून केमिकल मुरवलेलं लाकूड बघून मोह होतो, पण त्यात बऱ्याचदा तांबं असतं, आणि तांबं, ॲल्युमिनियम आणि ओलावा एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. ज्या फळीने बोट वाचवायला गेलो तीच बोट खाते म्हणजे कमाल आहे.

हाच नियम सगळीकडे लावा. तळाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून जो अँटीफाउलिंग कलर मारतात, तो तांबं असलेला लावायचा नाही. पितळी स्क्रू नकोत, स्टेनलेस चालतात पण त्यांनाही मध्ये सिलंट किंवा इन्सुलेट करणारी पेस्ट लावून. बॅटरीची निगेटिव्ह बोटीच्या पत्र्याला जोडून वायर वाचवायची नाही. आणि गळाची शिशाची वजनं तळात पडून राहू देऊ नका, ओल्यात तीपण तेच करतात, हे मासेमारी करणाऱ्यालाच सांगायला लागतं याची गंमत वाटते.

फोम हातात घेऊन बघा. शंभर लिटर जागेचा कोरडा फोम तीनेक किलो भरतो, पाणी प्यायलेला असेल तर एकट्याला उचलवत नाही. बोट जड का झाली आणि इंजिन का ओढत नाही याचं उत्तर बरेचदा इथेच असतं. फेकून द्या, पण जागा रिकामी ठेवू नका, बोट पाण्याने भरली तर ती तरंगते त्याच्याच जिवावर. बंद पेशींचा, म्हणजे सहज पाणी न पिणारा, नवा घाला. थर्माकोल नको, पेट्रोल सांडलं की विरघळतो.

कलरचं फार काही नाही. लोखंडी तारेचा ब्रश नको, लोखंडाचे कण रुततात आणि नंतर डाग धरतात. जुन्या कलरखाली हिरवट-पिवळा प्रायमर दिसला तर तो झिंक क्रोमेट असू शकतो, कॅन्सर करणारा, तेव्हा कोरडा घासू नका, मास्क लावा. मग तेलकटपणा काढा आणि त्याच दिवशी ॲल्युमिनियमचा एच (etch) प्रायमर, म्हणजे पत्र्याला घट्ट धरणारा पहिला हात, मारा. शेड कुठली ते तुमचं तुम्ही बघा.

राहता राहिली चीर. ती रिव्हेटसारखी ठोकून बसत नाही, दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडून वाढ थांबवायची आणि वर पॅच किंवा वेल्डिंग. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं आणि त्यावरचा ऑक्साइड दोन हजारांच्या पुढे, म्हणजे वरची साल शाबूत असतानाच आतला पत्रा गळून पडू शकतो. त्यामुळे लोखंडाचं वेल्डिंग झकास करणारा माणूस इथे चालेलच असं नाही, आधी भंगार तुकड्यावर करून दाखवायला सांगा. आणि फोम आतच राहू दे, वरच्यावर मारतो म्हणाला तर बोट त्याच्याकडे सोडूच नका, फोम पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो.