'स्टिप्युलेट' या क्रियापदाविषयी

इंग्रजीत लिहिलेला भाडेकरार कोणाला मराठीतून समजावून सांगताना मी 'स्टिप्युलेट' या क्रियापदापाशी हमखास थांबतो. शब्दकोशात त्याचा अर्थ 'अट घालणे' असा मिळतो आणि तो बरोबरच आहे. पण ती अट कोणी, केव्हा आणि कशाच्या बळावर घातली हे त्यातून कळत नाही, आणि करार वाचणाऱ्याला तेच कळायला हवे असते.

लिव्ह अँड लायसन्सचाच करार घेऊ. लॉक-इनचा, म्हणजे ज्यात करार मध्येच सोडता येत नाही तो, काळ किती, घर सोडण्यापूर्वी नोटीस किती दिवसांची, अनामत रक्कम परत देताना रंगकामाचे पैसे कापायचे की नाही, या गोष्टी दोन्ही पक्षांनी सही करण्यापूर्वी आपसात ठरवलेल्या असतात, म्हणून तिथे 'स्टिप्युलेट' शोभते. करार लेखी असावा आणि त्याची नोंदणी व्हावी, हे मात्र महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 ने घातलेले बंधन आहे. घरमालक आणि भाडेकरू या दोघांनाही ते नको असले तरी सुटत नाही. तिथे 'प्रिस्क्राइब', म्हणजे आपल्या शासकीय मराठीतले 'विहित करणे', अधिक नेमके ठरते. 'कायदा स्टिप्युलेट करतो' अशी वाक्ये इंग्रजीत सर्रास लिहिली जातात आणि कोशांनाही ती चालतात, तरी कराराविषयी लिहिताना हा भेद पाळावा असा माझा आग्रह आहे.

या आग्रहाला इतिहासाचा आधार आहे. प्राचीन रोमन कायद्यात 'स्टिपुलातिओ' नावाचा तोंडी करार होता. ज्याला वचन हवे असे तो समोरच्याला प्रश्न विचारी, 'स्पाँदेस्ने?', म्हणजे 'वचन देतोस का?', आणि समोरचा त्याच क्रियापदात उत्तर देई, 'स्पाँदेओ', 'देतो'. यात स्टिप्युलेट करणारा म्हणजे प्रश्न विचारणारा. उत्तर देणारा वचनाने बांधला जाई. मागणी आधी, होकार नंतर आणि बंधन त्या होकारातून, हा क्रम आजच्या इंग्रजी शब्दातही टिकून आहे.

वाक्यरचनेची एक खुबीही ध्यानात ठेवावी. 'द ओनर स्टिप्युलेटेड दॅट द रेंट बी पेड इन अ‍ॅडव्हान्स' या वाक्यात 'वॉज' न येता 'बी' येते, कारण भाडे भरले गेले ही माहिती तिथे द्यायची नसून ते आगाऊ भरले जावे ही अट सांगायची असते.

आपल्याकडच्या कायद्यांतही हा शब्द महत्त्वाच्या जागी बसला आहे. मालविक्री अधिनियम, 1930 च्या कलम 12 नुसार विक्रीच्या करारातले 'स्टिप्युलेशन' दोन प्रकारचे असू शकते: 'कंडिशन', जी मोडल्यास करारच संपला असे मानण्याचा हक्क मिळतो, आणि 'वॉरंटी', जी मोडल्यास केवळ नुकसानभरपाई मागता येते. तसेच करार मोडल्यास द्यायची रक्कम आधीच लिहून ठेवली असली, तरी भारतीय संविदा अधिनियम, 1872 च्या कलम 74 प्रमाणे ती सगळीच्या सगळी हाती पडेल असे नाही. न्यायालय वाजवी भरपाई देते आणि लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा असते. घर आधी सोडल्यास अमुक दंड, असे कलम दिसताच घाबरून जाणाऱ्या भाडेकरूला मी हे कलम 74 आवर्जून वाचायला सांगतो.