उजवं इंजिन नुसतं टक् करत होतं

पावसाळाभर बोट देवबागला माडाखाली ताडपत्री घालून होती. सप्टेंबरात पाण्यात उतरवली तर डावं इंजिन पहिल्याच चावीला सुरू झालं आणि उजवं मात्र नुसतं टक्. परत चावी फिरवली, परत टक्. दोन्ही ६० एचपीचे फोर स्ट्रोक आउटबोर्ड, एकाच वर्षी घेतलेले, मग एक चालतंय आणि दुसरं का नाही? एका इंजिनावर पण बोट चालते हे मला माहितीये, पण कर्ली नदीच्या मुखाशी लाटा फुटत असताना बोटीत दहा पर्यटक बसलेले असतात तेव्हा एक इंजिन बंद पडलं तर काय होतं ते मी बघितलंय, त्यामुळे दोन्ही नीट झाल्याशिवाय खाडीबाहेर जायचं नाही हे माझं ठरलेलं.

आधी सगळे करतात तेच मी केलं. बॅटरी. तीन महिने पडून होती म्हणजे गेली असणार असं धरून मालवणातून नवी आणली, लावली, चावी फिरवली, टक्. मग किल स्विचची (इंजिन झटकन बंद करणाऱ्या स्विचची) लाल दोरी बघितली, लिव्हर न्यूट्रलला आहे का बघितलं (न्यूट्रलमध्ये नसेल तर टक् पण होत नाही, पूर्ण शांत राहतं, हा फरक लक्षात ठेवा, अर्धा तास वाचतो). टक् आवाज येतोय म्हणजे चावी, न्यूट्रल स्विच आणि रिलेपर्यंत (चावीच्या बारीक करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच) जाणारी बारीक वायर ठीक आहे, भानगड त्याच्या पुढे जाड वायरीत, रिलेत किंवा सेल्फमध्ये, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या मोटरमध्ये आहे.

दोन इंजिनं असण्याचा इथे खरा फायदा होतो, दुसरं चालू इंजिन म्हणजे तपासायला शेजारीच उभा असलेला चांगला नमुना. डाव्याचा रिले काढून उजव्याला लावला, तरी टक्. उजव्याचा डाव्याला लावला तर डावं मस्त सुरू. म्हणजे रिले बाद झालेला नाही. आता मला वाटलं सेल्फच गेला, काढायला पाना पण लावला होता, तेवढ्यात जेटीवरचे मिस्त्रीकाका आले. त्यांनी बघितलं आणि एवढंच म्हणाले, "बॅटरी बदलून काय होवचा नाय रे, आधी अर्थिंग बघ." अर्थिंग म्हणजे इंजिनाच्या धातूच्या अंगापासून (ब्लॉकपासून) बॅटरीच्या निगेटिव्हला जाणारी जाड काळी केबल.

मी म्हटलं काका अर्थिंग बघितलंय, मल्टिमीटर बीप देतोय. इथेच माझं चुकत होतं आणि बऱ्याच जणांचं चुकतं. बीपला एक तार शिल्लक असली तरी पुरते, सेल्फला मात्र शंभरच्या वर अँपिअर लागतात, ते त्या एका तारेतून कसे जाणार? केबल तपासायची तर चावी फिरवलेली असताना, लोड असताना तपासायची. काकांनी मीटर डीसी व्होल्टवर घेतला, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर, दुसरं उजव्या इंजिनाच्या ब्लॉकवर रंग खरवडून, आणि मला चावी मारायला सांगितली. मीटरवर ४.१ आले. तिथे ०.२, फार तर ०.३ च्या वर यायला नको. म्हणजे बॅटरीतले चार व्होल्ट नुसत्या काळ्या केबलमध्येच मरत होते. आणि त्याच वेळी बॅटरीच्या दोन पोलवर १२.३, जवळजवळ हललेच नाहीत! बॅटरी खरंच गेली असती तर तिथेच दहाच्या खाली आपटले असते. नवी बॅटरी मी उगीच आणली होती.

मग त्यांनी माझा हात धरून उजव्या थ्रॉटल केबलवर (वेगाच्या लिव्हरपासून इंजिनाला जाणारी) ठेवला. कोमट लागत होती. मेन अर्थिंग तुटल्यावर करंट दुसरी वाट शोधतो, ब्लॉकमधून थ्रॉटल केबलच्या स्टीलमधून कंट्रोल बॉक्सला, तिथून डाव्या इंजिनाच्या केबलने डाव्या ब्लॉकला आणि डाव्याच्या अर्थिंगने परत बॅटरीकडे. म्हणून उजव्याला चावी मारली की डाव्याचा आरपीएम काटा थरथरायचा, आणि मी दोन दिवस त्या काट्यालाच दोष देत होतो. असंच मारत राहिलो असतो तर हार्नेसमधल्या (वायरींच्या जुडग्यातल्या) बारीक वायरी जळाल्या असत्या.

केबल काढली तर बाहेरून चकाचक. टोकाच्या धातूच्या थिंबलपाशी इन्सुलेशन चिरलं आणि आत तांबं नव्हतंच, हिरवा ओलसर चुरा, बोटाने दाबला तर पिठासारखा पडला. थिंबलचं तोंड उघडं होतं, खारं पाणी तिथून तारांच्या मधनं वर चढत गेलं, दीड वीतभर. ही गाडीची साधी केबल होती, कुणीतरी स्वस्तात लावून दिलेली.

आता टिन केलेल्या (कथलाचा मुलामा दिलेल्या) तांब्याची, ३५ स्क्वेअर एमएमची केबल घातली, थिंबल हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घेतलं आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी. पक्कडीने चेपू नका, आणि नुसत्या सोल्डरवर पण विसंबू नका, गरम झालं की सुटतं. बॅटरीवरचे फुलपाखरू नट काढून नायलॉनवाले लॉक नट टाकले, फुलपाखरू नट लाटांत हळूहळू ढिले होतात. शिवाय दोन्ही इंजिनांचे ब्लॉक एका वेगळ्या जाड केबलने जोडले, म्हणजे पुढे एक अर्थिंग गेलं तरी करंट कंट्रोल केबलमधून जाणार नाही.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. ठिणगी उडेल असं काही करायच्या आधी टाकीच्या कप्प्याचं झाकण उघडून पेट्रोलचा वास येतोय का बघा, वास गेल्याशिवाय हात लावू नका. आणि इंजिन चालू असताना बॅटरीचा मेन स्विच ऑफवर नेऊ नका, चार्जिंगचे डायोड उडतात.

चावी मारली, अर्ध्या फेऱ्यात सुरू झालं. परत मोजलं तर ०.१८. काकांनी तो आकडा मार्करने इंजिनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहायला लावला, तारखेसकट. मग डाव्याचंही मोजलं, ०.४ आले. ते अजून सुरू होतंय, पण तीच केबल आहे, त्याच वर्षी लावलेली. दिवाळीची गर्दी सुरू व्हायच्या आत ती पण काढतोय, केबल आणून ठेवलीये.